नॉमिनी वेगळा, वारस वेगळा: मुलुंडचा फ्लॅट घेताना आम्हाला कळलेला फरक

दोन वर्षं घर शोधत होतो आणि शेवटी मुलुंड पूर्वेला एक फ्लॅट मनात भरला. खरं सांगायचं तर फ्लॅट नाही, शेजार मनात भरला. बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, हॉलमध्ये मोझॅकच्या टाइल्स. पण आम्ही बघायला गेलो तर खाली पाण्याच्या टाकीवर बसलेल्या आजोबांनी आधी माझं माहेर कुठलं, सासर कुठलं, पोरगी कितवीत, सगळं विचारून घेतलं आणि मगच वर सोडलं. वर गेलो तर समोरच्या काकूंनी ओळख ना पाळख, चहाला आत बोलावलं. त्यांच्याच दारातल्या खिळ्याला चार फ्लॅटच्या किल्ल्या लटकत होत्या, शेजारी ऑफिसला जाताना ठेवून जातात म्हणे. जिना उतरताना नवरा म्हणाला, बस, हेच घ्यायचं.

विकणारा दादा पन्नाशीचा, स्वभावाने एकदम सरळ. वडील २०२१ ला गेले, आई त्याआधीच, बहीण लग्न होऊन नाशिकला. त्याने शेअर सर्टिफिकेट दाखवलं, घडीवर पिवळं पडलेलं. त्याच्या मागे ट्रान्सफरचा तक्ता असतो ना, त्यात वडिलांच्या नावाखाली याचं नाव, सेक्रेटरीची सही, गोल शिक्का, आणि बाजूला निळ्या पेनाने बारीक अक्षरात ‘नॉमिनी, तात्पुरता सभासद’. एजंट म्हणाला, मॅडम नॉमिनेशन आहे, टायटल क्लिअर आहे, टोकन देऊन टाका. दादा पण म्हणाला, बाबांनी मलाच नॉमिनी केलं होतं, म्हणजे फ्लॅट माझाच ना.

आम्हालाही तसंच वाटलं होतं. माझ्या ओळखीत दहातल्या आठ जणांना असंच वाटतं, त्यात बँकेत नोकरी करून रिटायर झालेले माझे मामा पण आले. वकीलबाईंनी मात्र ती निळी ओळ वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, याच्या बहिणीची सही कुठे आहे?

तर भानगड अशी आहे. नॉमिनी म्हणजे मेंबर गेल्यावर सोसायटीने कोणाशी बोलायचं तो माणूस. मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावाने काढायचं, नोटीस कोणाला द्यायची, कागद कोणाच्या हातात द्यायचे. वारस म्हणजे ज्याचा फ्लॅटवर हक्क आहे तो, मग तो मृत्युपत्राने आलेला असो किंवा मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याने. काकूंच्या दारात लटकलेल्या किल्ल्या आठवा, किल्ली काकूंकडे आहे म्हणून घर काकूंचं होत नाही. नॉमिनी आणि वारस एकच माणूस असला तर प्रश्नच नाही, आणि बऱ्याच घरांत तसं असतं म्हणूनच हा गोंधळ वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा, त्यात २०१९ मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं. त्यातलं कलम १५४ब-१३ हेच सांगतं, की मेंबर गेला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं आणि खरे वारस किंवा हक्कदार ठरून मेंबर होईपर्यंतच ती व्यवस्था. म्हणजे आमच्या त्या सेक्रेटरींनी निळ्या पेनाने जे लिहिलं होतं ते अगदी कायद्याला धरून लिहिलं होतं, वाचलं कोणी नाही एवढंच. आणि तात्पुरता सभासद एकट्याच्या सहीने फ्लॅट विकायला लागला तर घेणाऱ्याने तिथेच थांबायचं.

आता लोक म्हणतात, अहो पण सुप्रीम कोर्टाने तर नॉमिनीच्या बाजूने निकाल दिलाय. हो, २०१६ ला पश्चिम बंगालमधल्या एका सोसायटीच्या केसमध्ये कोर्ट म्हणालं की सोसायटीने नॉमिनेशन पाळायलाच हवं आणि नॉमिनीच्या नावावर ट्रान्सफर करायलाच हवं. व्हॉट्सअॅपवर एवढाच अर्धा निकाल फिरतो. पुढचा अर्धा असा होता की घरातल्या बाकीच्यांना आपला हक्क कोर्टात जाऊन मागायची वाट मोकळी आहे. सोसायटीचं काम संपलं, घरातलं भांडण तसंच राहिलं.

मराठी माणसाला पटकन कळेल अशी केस म्हणजे कालनिर्णयवाले जयंत साळगावकर यांच्या इस्टेटीची. ते २०१३ ला गेले. मागे मृत्युपत्र होतं, आणि म्युच्युअल फंड, एफडी यांवर नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी म्हणाले आम्ही मालक, मामला मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल आला की नॉमिनेशन म्हणजे वारसा हक्काची तिसरी वाट नाही, नॉमिनी झाला म्हणून कोणी मालक होत नाही. विम्याच्या पॉलिसीबद्दल तर कोर्टाने १९८३ लाच हे सांगून ठेवलं होतं, नॉमिनी फक्त पैसे हातात घेणारा. विम्यात मात्र २०१५ ला कायदा बदलला, आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असली तर पैसे त्यांचेच. तेवढा अपवाद लक्षात ठेवा आणि तो फ्लॅटला लावू नका. बँकेत आता नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, चांगलंय, पण चार काय आणि एक काय, काम तेच.

मग वारस कोण? हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा. ही आई लोक हमखास विसरतात. समजा एखाद्या गृहस्थाच्या मागे बायको, एक मुलगा, दोन मुली आणि गावाला असलेली म्हातारी आई आहे, तर फ्लॅटचे पाच वाटे होतात आणि एक पाचवा हिस्सा त्या आजीचा, भले ती कधी मुंबईला आलीच नसेल. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा जात नाही. आमच्या दादाच्या केसमध्ये सरळ हिशोब होता, अर्धा फ्लॅट त्याचा आणि अर्धा बहिणीचा, बाबांनी फॉर्मवर नाव कोणाचं का लिहिलं असेना.

आणि ते नाव का लिहिलं होतं ते पण ऐका. दादानेच सांगितलं, सोसायटीची जनरल मीटिंग होती, सेक्रेटरींनी सगळ्यांना नॉमिनेशनचे फॉर्म वाटले आणि म्हणाले वडे यायच्या आत भरून द्या. बाबांनी शेजारी बसलेल्या मुलाचं नाव टाकलं. बहिणीला डावलायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं, ती त्या दिवशी तिथे नव्हती इतकंच.

मृत्युपत्राचं तसं नाही. तिथे माणूस विचार करून सांगतो की माझ्यामागे कोणाला काय. नॉमिनेशनमध्ये मुलगा आणि मृत्युपत्रात मुलगी असेल तर फ्लॅट मुलीचा, मुलाने नॉमिनी म्हणून सांभाळायचा आणि तिला द्यायचा. आणि करायला ते लोकांना वाटतं तितकं अवघड नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे (वय झालं असेल तर करून घ्या, डॉक्टरचं सर्टिफिकेट पण जोडा, नंतर कोणी ‘बाबांना काही कळत नव्हतं’ म्हणायला नको), फक्त आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेच खरं. ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका. आणि आपल्या हिश्श्याचंच लिहिता येतं, नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर असलेला अख्खा फ्लॅट एकट्याने कोणाला देता येत नाही.

जॉइंट नावावरून आठवलं. ‘दोघांच्या नावावर आहे, एक गेला की आपोआप दुसऱ्याचं’ हे लोक बँकेच्या जॉइंट खात्यावरून उचलतात. फ्लॅटला तसं नसतं, जो गेला त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. पागडीच्या खोलीचा मामला तर अजूनच वेगळा, तिथे तुम्ही भाडेकरू, भाड्याचा हक्क मृत्युपत्राने कोणालाही देऊन टाकता येत नाही, त्या खोलीत बरोबर कोण राहत होतं ते बघतात. गिरगावात अर्ध्या भांडणांचं मूळ तिथेच आहे.

काही घरांत म्हणतात, मृत्युपत्र-बित्र नको, आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका, घरच्या घरी स्टॅम्प ड्युटी २०० रुपयेच तर आहे. मला हे पटत नाही, स्पष्टच बोलते. मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं, बक्षीसपत्र सही होऊन रजिस्टर झालं की झालं, घर त्याचं. मुलगा सांभाळत नाही म्हणून परत मागायला ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे खरा, पण सत्तरीत ट्रिब्युनलच्या पायऱ्या चढायची हौस कोणाला असते?

प्रोबेटचं एक राहिलं. मुंबई जुनं प्रेसिडेन्सी शहर, त्यामुळे इथल्या मृत्युपत्राला वर्षानुवर्षं हायकोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, लागायचं, आता त्या नियमात अलीकडे बदल झालाय, तेव्हा तुमच्या केसला काय लागेल ते वकिलालाच विचारा, सोसायटीच्या ग्रुपवर नको.

बरं, आमचं काय झालं. टोकन दिलं नाही, दादाला सगळं समजावलं, तो आधी जरा दुखावला, म्हणाला आमच्यात असं काही नाहीये, ताई कधी मागणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, मागणार नसेल तर उत्तमच, मग लिहून देईल. त्याने नाशिकला फोन लावला, आणि ताईंना तर माहीतच नव्हतं की त्यांचा काही वाटा आहे. दीड महिना काही कळेना, आम्ही दुसरी घरं बघायला लागलो होतो. मग एक दिवस फोन आला, ठरलं म्हणून. हक्कसोडपत्र करायचंच नाही असं ठरलं, दोघांनी मिळून विकायचं आणि पैसे अर्धे-अर्धे. सोसायटीत दोघं वारस म्हणून मेंबर झाले, मग ॲग्रीमेंटवर विकणारे म्हणून दोघांच्याही सह्या. सब-रजिस्ट्रार ऑफिसात ताई अंगठा द्यायला मशीनपुढे बसल्या, मशीन काही त्यांचा ठसा घेईना, चार वेळा पदराला बोट पुसून झालं, शेवटी दादाने स्वतःचा रुमाल पुढे केला. बाहेर येऊन दोघं शेजारच्या गाडीवर कटिंग पीत उभी होती, आम्हाला हाक मारून आमचा पण चहा सांगितला.

राहायला गेलो त्याच आठवड्यात सेक्रेटरी नॉमिनेशनचे फॉर्म घेऊन आले, तीन प्रती, पहिल्यांदा फुकट असतं. वडे नव्हते, त्यामुळे शांतपणे बसून भरले, कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याची नोंद झाली ते पण विचारून घेतलं, कारण नुसता फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर उपयोग काय.

मृत्युपत्राचा कच्चा मसुदा पण लिहून ठेवलाय. साक्षीदार म्हणून समोरच्या काकांना विचारायला गेले, तर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, “अगं मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उद्या कोर्टात ‘ही सही माझ्यासमोर झाली’ म्हणून सांगायला मी असायला नको का? तुझ्याहून लहान कोणीतरी बघ, तिसऱ्या मजल्यावरचा तो नवीन लग्न झालेला मुलगा आहे ना, त्याला सांगतो मी.”