‘काकूबाई’ दिसण्याची पार्श्वभूमी: मापाचा ब्लाऊज, न विरणारी साडी आणि पिन लावलेली ओढणी

चाळिशी-पन्नाशीतील स्त्रियांना पेहरावाविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. ढगळ ब्लाऊज नको, फुलाफुलांची सिंथेटिक साडी नको, दोन्ही खांद्यांवर पिना लावून समोर झोळीसारखी सोडलेली ओढणी नको, साडीपासून टिकलीपर्यंत सगळे एकाच रंगाचे नको, मातकट आणि राखी रंग तर नकोतच, कारण या सगळ्याने बाई आहे त्याहून थोराड दिसते. यादी बहुतांशी खरी आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक वस्तू एके काळी नवी होती आणि ती नवी असताना तिच्यावरही नाके मुरडली गेली होती, याची दखल सहसा कोणी घेत नाही. या वस्तू मराठी मध्यमवर्गीय घरांत कशा शिरल्या आणि कपाटात कशामुळे अडकून बसल्या, एवढेच या टिपणात पाहायचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी घरात बाईच्या वस्त्रांवरून तिचे वय फारसे कळत नसे, कळे ती तिची अवस्था. परकर-पोलक्यातील मुलगी, लुगडे-चोळीतील सवाष्ण आणि, विशेषतः ब्राह्मण घरांत, तांबड्या आलवणातील केशवपन केलेली विधवा असे कप्पे होते. विशीतली सवाष्ण आणि चाळिशीतली सवाष्ण यांच्या लुगड्यांच्या पोतात आणि किमतीत फरक असे, नेसण एकच असे. ‘आता भडक रंग शोभत नाहीत’ हे वाक्य पन्नाशीच्या बाईला अजूनही ऐकावे लागते, त्याचे मूळ बहुधा या जुन्या व्यवस्थेत असावे. आलवणाचा तांबडा वगळता बाकीचे रंग सोडणे ही तेव्हा वैधव्याची खूण होती. ती प्रथा सैल झाली, पण फिक्या रंगांना चिकटलेला सोज्वळपणा मागे राहिला आणि तो वयाच्या खात्यावर मांडला गेला.

वयाची रेघ ठळक झाली ती गोल साडीमुळे. काष्टा घालून नेसलेले नऊवारी ते सकच्छ आणि परकरावर गोल नेसलेले पाचवारी ते विकच्छ, हा वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगलाच रंगला होता. देवाधर्माच्या कामाला सकच्छच हवे असा जुन्यांचा आग्रह होता, तर शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींचा ओढा गोल नेसण्याकडे होता. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले आणि पाच-सहा वारांत भागणे ही नुसती हौस उरली नाही. पुढच्या दोन-तीन दशकांत एकाच घरात आजी नऊवारीत, आई सहावारीत आणि नात फ्रॉकमध्ये हे दृश्य सर्रास झाले. शब्दही वय सांगू लागले. गिरणीत विणलेल्या तलम वस्त्राला ‘पातळ’ म्हणणे हे लुगड्याच्या मानाने नव्या चालीचे होते. पुढे सगळीकडे ‘साडी’ झाली आणि ‘पातळ’ म्हणणारी बाई त्या एका शब्दाने जुनी ठरली.

आज ‘हे टाळा’ म्हणून ज्या फुलाफुलांच्या, अंगावरून घसरणाऱ्या सिंथेटिक साडीकडे बोट दाखवले जाते, ती सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली आहे आणि तिच्यामागे घड्याळाचा काटा आहे. आयुर्विमा महामंडळ १९५६ सालचे, चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ सालचे. त्यांच्या जोडीला टेलिफोन, टपाल, मंत्रालय आणि शाळा धरल्या तर घरचे आवरून, लोकल पकडून नोकरीला जाणाऱ्या मराठी बायकांची एक मोठी पिढी याच सुमारास उभी राहिली. सुती साडी धुतली की तिला खळ घालावी लागे, दोघींनी टोके धरून ताणावी लागे आणि मग इस्त्रीखाली पाच-साडेपाच मीटर कापड सरकवत न्यावे लागे. नायलॉन-पॉलिस्टरची साडी रात्री दांडीवर टाकली की सकाळी नेसता येई आणि गर्दीच्या डब्यातून उतरल्यावरही ती चुरगळलेली नसे. सुरतेच्या छापील साड्यांनी दुकाने भरली, ‘गार्डन’ हे कंपनीचे नाव बायकांच्या तोंडी साडीचा प्रकार म्हणून बसले आणि १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेल्यानंतर गिरणीच्या सुती साडीचा उरलासुरला जोरही ओसरत गेला. ज्या साडीने त्या पिढीचा रोजचा तास-अर्धा तास वाचवला, तिला आज बेचव म्हणून निकालात काढले जाते.

या साडीची खरी खोड तिच्या टिकाऊपणात आहे. सुती पातळ चार-पाच वर्षांत विरत असे. मग त्याची गोधडी होई, बाळाची दुपटी होत, शेवटी पुसायचे फडके होई, आणि त्याच्या जागी नवे पातळ आले की त्या वर्षीचा रंग आणि त्या वर्षीचे काठ आपोआप घरात येत. सिंथेटिक साडी विरत नाही, विटतही नाही आणि गोधडीला सुती पातळासारखी मऊ पडत नाही. पंचविशीत घेतलेली साडी पंचावन्नाव्या वर्षी जशीच्या तशी हाताशी असते आणि धडधाकट वस्तू टाकून देणे काटकसरीत वाढलेल्या मनाला पटत नाही. बोहारीण दोन साड्यांवर एखादे पातेले देणार, त्यापेक्षा घरात नेसायला राहू द्यावी, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. फक्त त्या हिशेबात तीस वर्षांपूर्वीची फॅशन अंगावर राहते.

साडीला माप नसते, म्हणून ती पोत आणि छापावरून ढोबळमानाने काळ सांगते. नेमका काळ सांगतो तो ब्लाऊज. चार टक्सचा, कटोरीचा, प्रिन्सेस कटचा, फुग्याच्या बाहीचा, बिनबाह्यांचा, बोटनेकचा, मागे हुक असलेला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात नुसता ब्लाऊज दिला तर ती त्याचे दशक सांगू शकते. पण कित्येक मराठी बायकांनी टेलरला आपल्या अंगाचे माप लग्नानंतर एकदाही दिलेले नाही. त्यांनी दिला आहे तो ‘मापाचा ब्लाऊज’. कपाटातला, नीट बसणारा, काखेत घामाने फिकटलेला, आत शिलाईत दोन बोटे माया (जादा कापड) सोडलेला एक जुना ब्लाऊज पिशवीत घालून न्यायचा आणि ‘असाच शिवा, फक्त अर्धा इंच सैल ठेवा’ एवढे सांगायचे. टेलर त्याच्यावरून गळा, पाठीची खोली, खांदा, बाही सगळे उतरवून घेतो. अशा रीतीने १९८८ साली बेतलेला गळा २०१० सालीही तसाच शिवला जातो. मधल्या काळात खांदे उतरलेले असतात, छाती आणि पोट बदललेले असते, आतली बॉडीसुद्धा वेगळ्या घडणीची आलेली असते, पण बेत तोच राहतो आणि दर खेपेच्या अर्ध्या इंचाने ब्लाऊज खांद्यावर उभा राहू लागतो, काखेत गोळा होऊ लागतो. यालाच पुढे ढगळपणा म्हणतात आणि त्याचा दोष बाईच्या आवडीनिवडीला दिला जातो.

बाहीचीही अशीच गोष्ट आहे. साडीला जोडून येणारे ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटरचे असते आणि अंगाने भरलेल्या बाईसाठी त्यात कोपरापर्यंतची बाही काढणे अवघड जाते. दंडाच्या ऐन रुंद भागावर संपणारी आखूड बाही, जी दंड आहे त्याहून जाड दाखवते, ती पुष्कळदा पसंत केलेली नसते. तेवढेच कापड असते. ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांचा ढीग संपवण्यासाठी शिवलेले ब्लाऊज ही या विषयाची आणखी एक शाखा आहे, पण तिच्यात शिरलो तर हे टिपण संपणार नाही.

मॅचिंगबद्दल थोडक्यात सांगता येईल. रुबियाच्या, म्हणजे ब्लाऊजच्या कापडाच्या, प्रत्येक छटेचे ठाण फळीवर लावलेली मॅचिंग सेंटरे गावोगावी निघाली, तेव्हा साडीच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा ब्लाऊज, परकर, बांगड्या आणि टिकली ही टापटिपीची आणि थोड्याफार ऐपतीची खूण होती. साडीचा तुकडा हातात घेऊन उजेडात, दुकानाच्या पायरीवर उभे राहून रंग पडताळून पाहणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या हौसेत किती बारकाई होती हे सांगावे लागणार नाही.

सलवार-कमीज मराठीत आली ती ‘पंजाबी ड्रेस’ या नावाने, म्हणजे नावातच परकेपणा ठेवून. ऐंशीच्या दशकात ती कॉलेजच्या मुलींच्या अंगावर रुळली. लग्न झालेल्या बाईने ती घालावी की नाही, हा प्रश्न नव्वदच्या दशकापर्यंत घरोघरी चघळला जात होता. लग्नाच्या बोलण्यांत ‘आमच्याकडे ड्रेस चालतो’ हे वाक्य मुलाकडचे लोक उदारपणे ऐकवत असत. ही परवानगी बहुतेक ठिकाणी ओढणीच्या अटीवर मिळाली. शाळेत फळ्यावर लिहिताना, बँकेच्या काउंटरवर वाकताना, सासऱ्यांना चहा देताना ती घसरू नये म्हणून दोन्ही खांद्यांवर पिना आल्या. तेव्हा आज ज्या पिन लावलेल्या ओढणीला हसतात, ती ओढणी म्हणजे त्या बाईने मिळवलेल्या सवलतीची पावती आहे.

या सगळ्यावर एकच शिक्का मारला जातो, ‘काकूबाई’, आणि हा शब्द दिसतो तितका सोपा नाही. काकू म्हणजे चुलत्याची बायको, शेजारीण, मैत्रिणीची आई. बाई म्हणजे शाळेत शिकवणारी, किंवा नावापुढे लावायचा मान. दोन्ही शब्द आदराचे, पण त्यांची जोड मात्र हेटाळणीची. मराठीतल्या इतर नात्यांच्या वाट्याला असे आलेले नाही. ‘मावशी’ घरकाम करणाऱ्या आणि दवाखान्यात काम करणाऱ्या बायकांसाठी रुळली, ‘वहिनी’ला वय चिकटलेच नाही, ‘आत्या’ घराबाहेर पडली नाही, आणि ‘आजीबाई’ला तर बटव्यासह प्रेम मिळाले. आजी रूपाच्या शर्यतीतून सुटलेली असते, म्हणून तिचे जुनेपण गोड वाटते. काकू मात्र त्या शर्यतीत आहे असे समाज गृहीत धरतो आणि मग ती मागे पडली असेही सांगतो.

शिवाय हा शब्द वयाचा नाहीच. केसांना तेल चोपडून दोन वेण्या घालणारी, गळाबंद कुर्ता घालणारी विशीतली मुलगी काकूबाई ठरते आणि हातमागाची साडी नेसणारी, केस रंगवायचे सोडून दिलेली साठीची बाई ठरत नाही. म्हणजे त्यात किमान तीन वेगळे आरोप मिसळलेले आहेत: कपडे अंगाला नीट बसत नाहीत हा एक, बाई अंग फार झाकते हा दुसरा आणि ती घर-संसारापलीकडे गेलेली नाही हा तिसरा. पहिला टेलर एका दुपारी दुरुस्त करू शकतो. दुसरा तिच्या मर्जीचा प्रश्न आहे. तिसऱ्याचा कपड्यांशी संबंध नाही, आणि वर पाहिले त्याप्रमाणे या पेहरावातली कित्येक रूपे तर नोकरी करणाऱ्या बायकांनीच रूढ केली आहेत. सल्ला देणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असतो. ऐकणारीला दुसरा आणि तिसरा ऐकू येतो, आणि त्यामुळे चांगला सल्लाही तिला लागतो. पुरुषाला गबाळा म्हणता येते, पण त्यासाठी त्याच्या नात्याला कमी लेखावे लागत नाही. उलट बाजूनेही बाईची सुटका नाही. तिने गडद लाल कुर्ता घेतला की ‘बुढ्ढी घोडी लाल लगाम’ ही हिंदीतून आलेली म्हण सांगायला कोणीतरी तयार असतेच.

अलीकडच्या काही निर्णयांनी हा गुंता वाढवला. गाऊन घरातून जिन्यात, जिन्यातून वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचला, वर ओढणी किंवा टॉवेल टाकला की तो बाहेरचा पोशाख झाला. २०१४ साली नवी मुंबईतील एका गावच्या महिला मंडळाने असा गाऊन घालून रस्त्यावर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरवल्याची बातमी गाजली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या, त्यांत जीन्स आणि टी-शर्टला मनाई होती आणि गडद रंगांचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे टाळण्यास सांगितले होते. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी अशाच सूचना आल्या आणि शिक्षिकांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असा पेहराव सांगितला गेला. नीटनेटकेपणाची अपेक्षा रास्त आहे. पण पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेने सकाळी शासन सांगते तसे कपडे घालावेत आणि संध्याकाळी त्याच कपड्यांना थोराड म्हणणारा सल्ला वाचावा, ही तिची कोंडी कोणत्याही सूचनेत दिसत नाही.

दरम्यान आजीचे कपडे परत आले आहेत. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, तिचे अनुकरण शहरोशहरी झाले आणि नऊवारी नेसून दुचाकीवर बसलेल्या मुली पाडव्याच्या छायाचित्रांत हटकून दिसू लागल्या. ज्यांना नेसता येत नाही त्यांच्यासाठी नाडी बांधून पायजम्यासारखी चढवायची शिवलेली नऊवारी निघाली. चोळीपुरता उरलेला खण गेल्या काही वर्षांत साडी झाला, कुर्ता झाला, पर्सही झाला. पंजाबी ड्रेसपासून सुटका म्हणून आलेली कुर्ती-लेगिंगची जोडी मात्र एवढ्यातच कॉलेजातल्या मुलींनी काकूबाईच्या खात्यात टाकली आहे. आईच्या गार्डनच्या साडीला अजून कोणी हौसेने बाहेर काढलेले दिसत नाही. खणाची साडी घेणाऱ्यांत पन्नाशीच्या बायकाही आहेत, आणि तिच्यावरचा ब्लाऊज शिवायला टाकताना मापासाठी पिशवीतून निघतो तो बहुधा जुनाच ब्लाऊज.