लिबर्टेरियन आणि षड्यंत्रवादी: सरकारवरचा अविश्वास एकसारखा नसतो

'फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) बंद करा' म्हणणाऱ्या दोन अमेरिकन माणसांना शेजारी बसवलं, तर सुरुवातीला दोघं एकमेकांच्या वाक्यावाक्याला मान डोलावतील. पैसा छापून सामान्य माणसाच्या बचतीची किंमत कमी केली जाते. मोठ्या बँका बुडायला लागल्या की त्यांना हात दिला जातो आणि भुर्दंड करदात्यावर बसतो. व्याजाचे दर ठरवणाऱ्यांना लोकांनी निवडून दिलेलं नाही. मग दोघांतला एक जण रॉथशिल्ड या युरोपातल्या ज्यू बँकर घराण्याचा विषय काढतो, आणि तिथून पुढे ते दोघं एका बाजूचे राहत नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र दोघंही एकाच माळेचे मणी वाटतात.

या गफलतीत नुकसान दोन्हीकडून होतं. सत्तेला मर्यादा हव्यात म्हणून अभ्यास करून बोलणारा माणूस 'डोकं फिरलेला' ठरवून बाजूला टाकला जातो. आणि ज्याच्याकडे संशयापलीकडे काहीच नाही, त्याला विचारवंताची झूल फुकटात मिळते. मला पहिलं नुकसान जास्त मोठं वाटतं. सरकारला नेमका प्रश्न विचारणारी माणसं कुठल्याही देशात आधीच थोडी असतात.

लिबर्टेरियन म्हणजे थोडक्यात, माणसाच्या जिवावर, मालमत्तेवर आणि निवडीवर सरकारचा हात शक्य तितका कमी असावा असं मानणारा. अमेरिकेत या विचाराचा वेगळा पक्ष डिसेंबर 1971 मध्ये कोलोरॅडोत स्थापन झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं होतं आणि पगार व किमती गोठवल्या होत्या. पक्ष काढणाऱ्यांच्या मनात तो राग ताजा होता. हा निर्णय निक्सन यांनी टीव्हीवर येऊन साऱ्या देशाला सांगितला होता. त्यात लपवाछपवी नव्हती, तरीही तो अन्यायाचा वाटला. ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

फेडरल रिझर्व्हचं, म्हणजे 'फेड'चंच उदाहरण नीट पाहू, कारण तिथे खरोखरचं गुपित होतं. नोव्हेंबर 1910 मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन स्टेशनवर सेनेटर नेल्सन ऑल्ड्रिच यांच्या खासगी रेल्वेडब्यात काही बडी मंडळी गुपचूप येऊन बसली. बँकर पॉल वॉरबर्ग, फ्रँक व्हँडरलिप, हेन्री डेव्हिसन, शिवाय अर्थखात्याचे पियाट अँड्र्यू. बदकांच्या शिकारीला निघाल्याचा बहाणा होता. आडनाव घ्यायचं नाही, पहिल्या नावानेच हाक मारायची, म्हणजे नोकरचाकरांना ओळख लागणार नाही. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या जेकिल बेटावर बसून त्यांनी मध्यवर्ती बँकेचा आराखडा केला. व्हँडरलिप यांनी 1935 मध्ये हे सगळं स्वतःच लिहून छापलं, त्यामुळे ती अफवा म्हणून झटकता येत नाही.

षड्यंत्रवादी इथे थांबतो. त्याच्या दृष्टीने गोष्ट पूर्ण झालेली असते. पण पुढे काय झालं? ऑल्ड्रिच यांची योजना अमेरिकी संसदेत मंजूरच झाली नाही. 1912 च्या निवडणुकीत डेमोक्रॅट जिंकले, आणि वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत कार्टर ग्लास व रॉबर्ट ओवेन यांनी नवं विधेयक आणलं. जेकिल बेटावरचा बराच तांत्रिक भाग त्यात उतरला, पण सगळ्या कारभाराची सूत्रं बँकरांच्या हाती राहावीत हा मूळ हेतू फसला. वर अध्यक्षांनी नेमलेलं मंडळ आलं. 23 डिसेंबर 1913 ला कायदा झाला. कट शिजला खरा, पण हाती आलं ते वेगळंच.

याच फेडच्या निमित्ताने टायटॅनिकचीही एक गोष्ट फिरते. बँकर जे. पी. मॉर्गन यांनी ते जहाज मुद्दाम बुडवलं, कारण फेडला विरोध करणारे अ‍ॅस्टर, गुगेनहाइम आणि स्ट्रॉस हे धनाढ्य त्यावर होते, असा दावा. जहाजाची मालकी शेवटी मॉर्गन यांच्या कंपनीसमूहाकडे जात होती, हे खरं. मॉर्गन स्वतः त्या सफरीला गेले नाहीत, हेही खरं. ते तिघे बुडाले, हेही खरं. पण फेडला त्यांचा विरोध होता, या मधल्या कडीला पुरावा नाही. अशा गोष्टींची घडण नेहमी अशीच असते. आजूबाजूचे तपशील पडताळून पाहता येतात, आणि ज्या एका कडीवर सगळं उभं असतं तीच नेमकी पोकळ निघते.

आता फेडवरची लिबर्टेरियन टीका पाहा. तिचा सर्वांत भक्कम नमुना 1963 चा, अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांचा. 1929 ते 1933 या काळात अमेरिकेतला पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने घटला. बँका धडाधड बुडत असताना फेडने बाजारात पैसा ओतायला हवा होता. तो ओतला नाही, म्हणून नेहमीची मंदी महामंदी झाली. का ओतला नाही? तर न्यूयॉर्क फेडचे कर्तेधर्ते बेंजामिन स्ट्राँग 1928 मध्ये वारले होते, फेडच्या प्रादेशिक बँकांची आपसांत ओढाताण चालू होती, आणि काय चाललंय हे वरच्यांना उमगतच नव्हतं. आरोप अतिशय गंभीर आहे, लाखो लोकांच्या उद्ध्वस्त संसारांचा आहे, आणि तरी त्यात खलनायक नाही. षड्यंत्रवाद्याला याच महामंदीत बँकरांनी सगळं स्वस्तात लाटण्यासाठी रचलेला डाव दिसतो.

म्हणजे एक म्हणतो, सरकारला हे जमूच शकत नाही. दुसरा म्हणतो, सरकारला, निदान त्यामागच्या मूठभरांना, सगळं जमतं. शेकडो माणसं, दशकानुदशकं, एकही जण फुटत नाही, एकही कागद बाहेर येत नाही आणि ठरवलेलं तसंच घडतं! मध्यवर्ती नियोजनावर इतकी अढळ श्रद्धा सोव्हिएत नियोजन मंडळातही नसेल. अर्थतज्ज्ञ हायेक यांनी 1945 मध्ये मांडलेला मुद्दा असा, की समाज चालवायला लागणारं ज्ञान लक्षावधी डोक्यांत विखुरलेलं असतं, ते एका टेबलावर गोळा होत नाही. हा मुद्दा मान्य असलेल्या माणसाला जग चालवणारं गुप्त मंडळ मानता येणार नाही. ते मंडळही टेबलच आहे.

'समाजाचा षड्यंत्र-सिद्धांत' या कल्पनेवर सर्वांत नेमकी टीका करणारे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर हायेक यांचे स्नेही होते. त्यांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणण्यात हायेक यांचा पुढाकार होता, आणि 1947 मध्ये मॉन्ट पेलरिन सोसायटी या मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांच्या संघटनेच्या पहिल्या बैठकीला हायेक, फ्रीडमन आणि पॉपर तिघंही हजर होते. कट होत नाहीत असं पॉपर म्हणत नाहीत. कट होतात, पण क्वचितच ठरल्याप्रमाणे पार पडतात, आणि समाजात घडणारं बरंचसं कुणीच योजलेलं नसतं, हा त्यांचा मुद्दा. पूर्वी लोक युद्ध आणि दुष्काळ देवांच्या मर्जीवर ढकलायचे. देव हटले आणि त्या रिकाम्या सिंहासनावर बँकर, ज्यू, भांडवलदार बसवले गेले, असं त्यांनी दाखवून दिलं. रॉथशिल्ड हे नाव त्याच वाटेने येतं. हा ज्यूद्वेष आहे, आणि तो कानावर आला की सभ्यपणाखातर गप्प बसू नये.

इतकं सगळं असून दोन्ही गटांची सरमिसळ का होते? कारण लिबर्टेरियनांच्या घरातच ही भेसळ जुनी आहे. 1958 मध्ये जॉन बर्च सोसायटी ही कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटना स्थापन करणाऱ्या रॉबर्ट वेल्च यांना अध्यक्ष आयझेनहॉवरदेखील कम्युनिस्टांचे हस्तक वाटत होते. तिच्या संस्थापक सदस्यांत उद्योगपती फ्रेड कोच होते. त्यांचा मुलगा चार्ल्स याच सोसायटीत होता, 1968 मध्ये बाहेर पडला, आणि 1977 मध्ये लिबर्टेरियनांची केटो इन्स्टिट्यूट ही धोरण-अभ्यास संस्था उभी राहिली ती त्याच्या पैशावर. दोन्ही विचारांची ये-जा एकाच अंगणातून होत होती. अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड हे केटोचे एक संस्थापक. त्यांनी 1977 मध्येच एका लेखात कट शोधण्याच्या सवयीची बाजू घेतली. धोरणामागे कुणाचा फायदा आहे हे विचारणं रास्तच आहे, असं त्यांचं म्हणणं. मात्र फायदा झाला म्हणजे त्यानेच केलं, अशी उडी मारणारा आणि जगातले सगळे कट एका महाकटात कोंबणारा विश्लेषक त्यांनी कच्चा ठरवला. रॉथबार्ड यांच्या पुढच्या राजकारणाशी माझे तीव्र मतभेद आहेत, पण ही विभागणी मला पटते.

'कुणाचा फायदा?' हा प्रश्न दोघंही विचारतात, त्यामुळे त्यावरून माणूस ओळखता येत नाही. अर्थतज्ज्ञ जेम्स बुकॅनन यांना 1986 चं नोबेल मिळालं ते राजकारणी आणि नोकरशहा हेही स्वतःचं हित पाहणारी माणसंच असतात, हे गृहीत धरून केलेल्या मांडणीसाठी. अमेरिकेत बाहेरच्या साखरेवर कोटा आहे. मोजक्या उत्पादकांना त्याचा घसघशीत लाभ होतो आणि प्रत्येक ग्राहकाला चिल्लर भुर्दंड पडतो. उत्पादक त्यासाठी वॉशिंग्टनचे उंबरे झिजवतात, ग्राहकाला पत्ताही नसतो. यात बेकायदा काही नाही. लिबर्टेरियनाला नेमकं हेच खुपतं.

खरे कट उघडे पडतात तेव्हा तर फरक आणखी स्पष्ट होतो. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना 1932 पासून 1972 पर्यंत उपचाराविना ठेवून सरकारी आरोग्यसेवेने फक्त निरीक्षण केलं. मार्च 2013 मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी सेनेटसमोर सांगितलं, की लक्षावधी अमेरिकनांची माहिती आम्ही जाणूनबुजून गोळा करत नाही. जूनमध्ये गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेले एडवर्ड स्नोडेन यांनी कागदच बाहेर काढले. संशय खरा ठरला. मग लिबर्टेरियन वळणाचे खासदार जस्टिन अमाश यांनी काय केलं? 24 जुलैला या पाळतीचा निधी तोडणारी दुरुस्ती सभागृहात मांडली, डेमोक्रॅट जॉन कॉनयर्स यांना सोबत घेऊन. ती 205 विरुद्ध 217 मतांनी पडली. कार्यक्रम कोणता, तो कोणत्या कलमावर चालतो, निधी कुठून येतो, हे बोट ठेवून दाखवता आलं म्हणून मतदान तरी होऊ शकलं. 'ते सगळं बघतायत' या वाक्यावर दुरुस्ती मांडता येत नाही.

षड्यंत्रवादी माणसाशी वाद घालायची वेळ आली तर त्याला वेड्यात काढू नये. त्याच्या संशयाच्या मुळाशी बहुतेक वेळा खरी जखम असते, आणि टस्कीगी नाकारून कुणाचं मन वळत नाही. मी एकच प्रश्न लावून धरते: ही माणसं उद्या हटवली, जागी सज्जन बसवले, तर प्रश्न सुटेल का? षड्यंत्रवादी 'हो' म्हणतो, कारण त्याचा आजार माणसांत आहे. लिबर्टेरियन 'नाही' म्हणतो. तीच खुर्ची, तेच अधिकार असतील तर सज्जनही तेच करतील. फ्रीडमन यांना फेडमध्ये शहाणी माणसं नको होती, पैसा ठरावीक गतीने वाढवणारा बांधील नियम हवा होता. आणि त्यांच्या टीकेला उत्तरही मिळालं. नोव्हेंबर 2002 मध्ये त्यांच्या नव्वदीच्या सोहळ्यात फेडचे तेव्हाचे गव्हर्नर बेन बर्नान्के यांनी जाहीर कबुली दिली: तुमचं बरोबर होतं, ते आमच्याच हातून झालं, आम्हाला खेद आहे, पुन्हा होऊ देणार नाही. जी टीका तपासता येते, तीच अशी मान्यही करता येते.

तोच प्रश्न महाराष्ट्रात लावून पाहा. लिबर्टेरियन परंपरेच्या सर्वांत जवळ जाणारा आपला नेता म्हणजे शरद जोशी. 'शेतकऱ्याचे मरण हेच सरकारचे धोरण' ही शेतकरी संघटनेची घोषणा वरवर ऐकली तर थेट षड्यंत्राचा आरोप वाटते. पण जोशी कुठल्या गुप्त बैठकीकडे बोट दाखवत नव्हते. ते दाखवत होते लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी), साठाबंदी, निर्यातबंदी, 1955 चा आवश्यक वस्तू कायदा. कांद्यावर 2010 मध्ये निर्यातबंदी आली, 2019 मध्ये आली, 2020 मध्ये आली, 8 डिसेंबर 2023 ला पुन्हा आली. पक्ष बदलले, मंत्री बदलले, अधिसूचना दर वेळी राजरोस निघाली. माणसं बदलून प्रश्न सुटला नाही. चांदवड-लासलगावच्या शेतकऱ्याला यासाठी वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

कापसाच्या बियाण्यात तर दोन्ही वाटा एकाच शेतात दिसल्या. 1998 मध्ये भारतात हाकाटी उठली, की बीटी कापसात 'टर्मिनेटर' जनुक आहे, त्याने शेतकऱ्याचं बियाणं कायमचं वांझ होईल. कर्नाटकात चाचणीचे प्लॉट जाळले गेले. टर्मिनेटर बियाणं जगात कुठेही बाजारात आलेलं नाही. जोशींचा आग्रह याच काळात वेगळा होता: कोणतं बियाणं पेरायचं हे शेतकऱ्याला ठरवू द्या, कंपनीनेही ठरवू नये आणि सरकारनेही नाही. त्यांच्या मागे संघटनेने तोच आग्रह पुढे नेला. 10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकरी जमले आणि मंजुरी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं, आधी जाहीर करून, पत्रकारांच्या देखत पेरलं.