सहिष्णू भविष्यसमाज : दूरचित्रवाणी विज्ञानकथेतील

वंश, राष्ट्र, लिंग किंवा जन्म यांवरून माणसाची पायरी ठरत नाही, अशा भावी समाजाचे दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा-मालिकांतून घडणारे चित्रण. याचे ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या अवकाशयानावरील चमूच्या मालिकेचे नाव घेतले जाते. एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात तिचे ७९ भाग प्रक्षेपित झाले. आदर्श समाजाची कल्पना साहित्यात फार जुनी आहे. दूरचित्रवाणीने तिला जोड दिली ती नित्याच्या सहवासाची. तीच माणसे त्याच खुर्च्यांवर दर आठवड्याला घरात दिसू लागली, की त्यांचे तेथे असणे प्रेक्षकाला हळूहळू अंगवळणी पडते. म्हणून एखाद्या मालिकेची सहिष्णुता तपासायची, तर पात्रांच्या भाषणांपेक्षा यानाच्या नियंत्रणकक्षात कोण कोठे बसले आहे आणि संकटाच्या वेळी कोणाच्या तोंडी वाक्ये येतात, हे आधी पाहावे लागते.

उगमाचा प्रश्न : नाना देशांच्या माणसांचा अवकाशचमू ‘स्टार ट्रेक’पासून सुरू झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते तंतोतंत खरे नाही. स्तानिस्वाफ लेम यांच्या १९५१ मधील कादंबरीवर आधारलेला ‘देर श्वायगेंडे श्टेर्न’ हा पूर्व जर्मनी व पोलंड यांचा चित्रपट १९६० साली आला. त्यात शुक्राकडे निघालेल्या यानात जपानी डॉक्टर, आफ्रिकी तंत्रज्ञ, चिनी शास्त्रज्ञ आणि भारतीय गणिती एकत्र आहेत; भारतीय गणितीचे काम मात्र जर्मन नटाने केले. तो चित्रपट असल्यामुळे येथे पूर्वसूरी एवढेच त्याचे स्थान. दूरचित्रवाणीपुरते पाहिल्यास पश्चिम जर्मनीतील ‘राउमपात्रुल्ये’ ही सात भागांची मालिका १७ सप्टेंबर १९६६ रोजी, म्हणजे ‘स्टार ट्रेक’नंतर अवघ्या नऊ दिवसांनी सुरू झाली. तिच्यात राष्ट्रे विसर्जित झालेली आहेत, सेनापतिपदी स्त्री आहे आणि यानावरील सुरक्षा अधिकारीही स्त्रीच आहे. दोन्ही मालिकांची निर्मिती एकाच सुमारास चालू असल्याने एकीने दुसरीची नक्कल केली असणे संभवत नाही. संयुक्त राष्ट्रसंघ, अणुयुद्धाची धास्ती आणि १९६१ पासूनची मानवी अवकाशउड्डाणे हे सामाईक मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘स्टार ट्रेक’पुरता वाद श्रेयाचा आहे. निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या सांगण्यानुसार संमिश्र चमू ही त्यांची मूळ कल्पना असून वाहिनीने तिला विरोध केला. पहिल्या चाचणी-भागातील (वाहिनीला दाखवण्यासाठी आधी केलेल्या नमुना-भागातील) स्त्री उपकप्तान केवळ स्त्री म्हणून काढायला लावली. हर्बर्ट सोलो व रॉबर्ट जस्टमन या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचा प्रतिवाद केला आहे. त्यांच्या मते वाहिनीचा आक्षेप स्त्रीपात्राला नव्हता, त्या भूमिकेसाठी निवडलेल्या मेजल बॅरेट यांना होता. वाहिनीच्या एका उपाध्यक्षांनी ऑगस्ट १९६६ मध्ये निर्मात्यांना अल्पसंख्य नटांना अधिक कामे द्यावीत असे पत्र पाठवले होते, याकडेही बोट दाखवले जाते. पत्राचा पुरावा वजनदार आहे. पण तारखा जुळवून पाहिल्यास त्याची मर्यादा लक्षात येते. पहिल्या चाचणी-भागात प्रमुख भूमिकांत सगळे गोरे नट आहेत. १९६५ मध्ये चित्रित झालेल्या दुसऱ्या चाचणी-भागात आशियाई वंशाचा सुलू आणि संदेशवहनावर एक कृष्णवर्णीय अधिकारी दिसतो. उहुरा या संदेशवहन अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय अभिनेत्री निशेल निकल्स यांची निवडही पत्राच्या आधीची. तेव्हा पत्रामुळे चमू संमिश्र झाला असे म्हणता येत नाही, आणि वाहिनी वैरी होती हेही टिकत नाही. एनबीसीची मालक कंपनी आरसीए रंगीत संच विकत होती, तेव्हा पडद्यावर जितके रंग तितके तिला हवेच होते. गणवेशांचे पिवळे, निळे, लाल हे त्याचेच फळ म्हणतात.

‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ (२२ नोव्हेंबर १९६८) या भागातील यानाचा गोरा कप्तान कर्क व उहुरा यांचे चुंबन हे दूरचित्रवाणीवरील पहिले आंतरवंशीय चुंबन, हा दावा असाच सैल आहे. ब्रिटनमध्ये १९५९ व १९६२ मधील नाट्यप्रक्षेपणांत तसे प्रसंग आधी येऊन गेले होते. शिवाय कथेत हे चुंबन स्वेच्छेचे नाही. मनःशक्तीने इतरांची शरीरे नाचवणारे सत्ताधीश ते घडवून आणतात. ओठ टेकले की नाही, यावर दोन्ही कलावंतांच्या आठवणी जुळत नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी निकल्स यांना मालिका न सोडण्याचा सल्ला दिला, ही हकीकत मुख्यतः निकल्स यांच्याच कथनातून ज्ञात आहे. तिच्यातला मुद्दा मात्र नेमका आहे : उहुराची जागा कृष्णवर्णीयासाठी राखलेली नव्हती, ती अधिकाऱ्याची जागा होती.

घडण व दोष : भेदभावाचा विषय थेट न मांडता परग्रहवासीयांवर ढकलणे, हे या मालिकांचे मुख्य तंत्र. त्यामागे रंगभूषेचा हिशेब आहे. नटाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा घेऊन त्यावर हवा तो आकार मातीत घडवतात, त्याचा उलटा साचा काढतात आणि दोहोंमधल्या पोकळीत फेटलेला लेटेक्स भरून मंद भट्टीत भाजतात. तयार तुकड्याचा काठ कागदासारखा पातळ हवा. जाड राहिला तर दिव्यांखाली सांधा दिसतो. हा तुकडा डिंकासारख्या स्पिरिट गमने चिकटवतात. घाम आला की कडा सुटतात, आणि काढताना काठ फाटत असल्याने तोच तुकडा सहसा पुन्हा चालत नाही. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा असल्यावर पूर्ण मुखवटा परवडत नाही. कान, कपाळ किंवा नाक एवढ्यावर भागवावे लागते, डोळे व तोंड अभिनयाला मोकळे राहतात. परिणामी परग्रहवासी हा कपाळ बदललेला माणूसच होतो, आणि प्रेक्षकाला तो शेजारी म्हणून ओळखता येतो. ‘स्टार ट्रेक’मधील स्पॉक या अर्ध्या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या टोकदार कानांचीही वाहिनीला धास्ती होती. सैतानाचा भास होऊ नये म्हणून विक्रीपत्रकातल्या छायाचित्रात कान व भुवया रंगवून गोल करण्यात आल्या होत्या.

या तंत्राचे दोषही ठरलेले आहेत. एका ग्रहाला एकच स्वभाव दिला जातो : एक लढवय्यांचा, एक व्यापाऱ्यांचा, एक तर्कनिष्ठांचा. जन्मावरून स्वभाव ठरतो हा पूर्वग्रह मोडायला निघालेली मालिका अशा रीतीने तोच पक्का करते. दुसरा दोष बरोबरीच्या दोषारोपाचा. ‘लेट दॅट बी युवर लास्ट बॅटलफील्ड’ (१० जानेवारी १९६९) मधील दोन शत्रूंचे चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे आहेत. फरक एवढाच की एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. चित्र लक्षात राहणारे आहे. पण त्यांतला एक मालकवर्गाचा व दुसरा गुलामवर्गाचा असूनही अखेरीस दोघांच्या द्वेषाला एकाच तागडीत तोलले जाते. तिसरा दोष प्रक्षेपणाच्या पद्धतीतून येतो. फेरप्रक्षेपणात भाग कोणत्याही क्रमाने लावता यावेत म्हणून प्रत्येक भागाअखेर सारे पूर्वस्थितीला आणावे लागे, त्यामुळे अन्यायाची आठवण पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नसे. ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३–९९) मध्ये सलग कथानक आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. कृष्णवर्णीय कप्तान केंद्रस्थानी असलेली याच परिवारातली ती पहिली मालिका.

लिंगाच्या बाबतीत वाटचाल संथ आहे. मूळ मालिकेच्या शेवटच्या भागात यानाच्या कप्तानांच्या जगात स्त्रियांना प्रवेश नसल्याचे वाक्य आहे. मालिकेत स्त्रीकप्तान मध्यवर्ती व्हायला १९९५ मधील ‘व्हॉयेजर’ यावी लागली. समलिंगी जोडपे मुख्य चमूत आले ते २०१७ मध्ये, ‘डिस्कव्हरी’त. याच परिवारातल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या १९९२ मधील ‘दि आउटकास्ट’ या भागात लिंगभेद न मानणारी जमात दाखवली, पण तिच्या सर्व भूमिका स्त्रियांना दिल्याने विषयाची धार बोथट झाली.

या समाजात पैसा व टंचाई नाही, अन्न यंत्रातून हवे तसे निघते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही सोय असली, तरी सहिष्णुतेची परीक्षाही तिने टळते. आडनाव व आहार विचारून भाड्याची खोली नाकारली जाते अशा मुंबईसारख्या शहरातील प्रेक्षकाला हे चटकन जाणवते : मांसाहार्‍याशेजारी शाकाहाऱ्याने राहायचे कसे, हा प्रश्न यानावर उद्‌भवतच नाही. जातीसारखी, नाव व घराणे यांतून चालणारी उतरंड या मालिकांत फारशी हाताळलेली नाही. धर्म आला तो ‘डीप स्पेस नाइन’मध्ये, आणि तोही परग्रहाचा.

भारतीय व मुंबईकर संदर्भ : भारतीय पात्रे आहेत, नट मात्र क्वचितच भारतीय. मूळ ‘स्टार ट्रेक’च्या ‘स्पेस सीड’ (१६ फेब्रुवारी १९६७) या भागातील खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे संहितेत सूचित आहे. भूमिका मेक्सिकोत जन्मलेले रिकार्डो माँटल्बान यांनी केली. ‘दि एक्स्पान्स’ (२०१५–२२) या दुसऱ्या अमेरिकी मालिकेतील क्रिसजेन अवासराला ही साडी नेसणारी राजकारणी इराणी वंशाच्या शोहरे अग्दाश्लू यांनी उभी केली.

याला ठळक अपवाद मुंबईच्या पर्सिस खंबाटा (१९४८–९८) यांचा. १९६५ च्या मिस इंडिया असलेल्या या पारशी अभिनेत्रीची इलिया या दिशादर्शक अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी निवड झाली ती १९७७–७८ मध्ये आखलेल्या नव्या ‘स्टार ट्रेक’ दूरचित्रवाणी मालिकेसाठी. मालिका बारगळली, तिचा चित्रपट झाला आणि तो ७ डिसेंबर १९७९ रोजी प्रदर्शित झाला. भूमिकेसाठी त्यांनी डोक्याचे पूर्ण मुंडण केले होते. इलिया ही परग्रहवासी असल्याने तिला कोठेही भारतीय म्हणून ओळख दिलेली नाही. खानला भारतीय नाव आणि परका नट, इलियाला भारतीय नटी आणि परका ग्रह, अशी ही अदलाबदल लक्षणीय आहे. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग (२३ नोव्हेंबर १९६३) दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौत जन्मले व बालपणी काही काळ मुंबईत राहिले, त्या मालिकेच्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्याप्रमाणेच ते तेव्हा बीबीसीत अपवादात्मक ठरत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ रविवारी सकाळी दाखवली जाई. मराठीत विज्ञानकथेचा विस्तार मुख्यतः छापील माध्यमात झाला. १९६६ मध्येच मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि पुढल्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी तिची दखल घेतली. या परंपरेचा भर वैज्ञानिक कल्पनेवर व तिच्या परिणामांवर राहिला. भावी समाजाची रचना हा तिचा मुख्य विषय झाला नाही. हिंदीत दूरदर्शनसाठी झालेल्या ‘कॅप्टन व्योम’ (१९९८, दिग्दर्शक केतन मेहता, प्रमुख भूमिका मिलिंद सोमण) या मालिकेत तुरुंगातून निसटलेले खतरनाक गुन्हेगार पकडणे हा कथेचा कणा आहे. भावी जग तेथे आहे, पण कोण कोणाशेजारी बसतो याकडे पटकथेचे लक्ष फारसे जात नाही.