मनातल्या मांड्यांचं सायन्स

हल्ली मोबाईल हातात घेतला की मॅनिफेस्टेशनची रील्स धडाधड समोर येतात, डोळे मिटा, समजा तुमचं सिलेक्शन झालंय, हार-तुरे चाललेत, ते पूर्ण फील करा, बाकी युनिव्हर्स बघून घेईल वगैरे. मला हे मनापासून खटकतं, कारण पॉझिटिव्ह विचारांवर खरोखर चांगलं संशोधन झालंय आणि ते नेमकं याच्या उलट सांगतं.

गाब्रिएले ओटिंगेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी आणि हॅम्बुर्गला शिकवत आलेल्या. 1991 मध्ये त्यांनी आणि थॉमस वॉडन यांनी वजन कमी करण्याच्या एका प्रोग्रॅममधल्या 25 लठ्ठ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीलाच त्यांना दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या होत्या. एक म्हणजे तुम्हाला जमेल असं किती वाटतं. आणि दुसरं, काही प्रसंग अर्धवट सांगून पुढचं मनात काय येतं ते लिहायला लावलं, म्हणजे प्रोग्रॅम संपलाय आणि तुम्ही मैत्रिणीबरोबर बाहेर निघालात, किंवा समोर डोनट्स ठेवलेत, आता पुढे काय?

वर्षभराने वजनं बघितली तर ज्यांना 'जमेल' असं वाटत होतं त्यांचं वजन तशी खात्री नसलेल्यांपेक्षा साधारण 12 किलो जास्त उतरलं होतं. इथपर्यंत सगळं ठीक, पॉझिटिव्हवाले जिंकले. पण ज्यांची कल्पनाचित्रं एकदम गुलाबी होती, मी स्लिम झालेय, डोनटकडे ढुंकूनही बघत नाहीये, त्यांचं वजन जरा काळजीची, अडचणींची चित्रं रंगवणाऱ्यांपेक्षा साधारण 11 किलो कमी उतरलं! म्हणजे भरवसा कामाला आला आणि मनातले मांडे नडले.

25 बायका हा आकडा लहान आहे, नुसत्या त्यावर मी भिस्त ठेवली नसती. पण 2002 मध्ये जर्मनीत पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्यांमध्येही हेच दिसलं, नोकरीची गोड स्वप्नं जास्त बघणाऱ्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी होता.

असं का होतं याचं उत्तर मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं. कामाला भिडायचं म्हटलं की शरीर तयारीला लागतं आणि सिस्टोलिक बीपी, म्हणजे बीपीचा वरचा आकडा, थोडा वर जातो. हेदर कॅप्स आणि ओटिंगेन यांनी 2011 मध्ये दाखवलं की हवं ते मिळाल्याची छान छान कल्पना केली की हा आकडा उलट खाली येतो. शरीर सैलावतं, जणू काम झालंच, आता कशाला धडपडायचं. टेन्शन घालवायला हे उत्तम, पण उद्या सकाळी पाचला उठायचंय तर नाही.

मग कल्पना करायचीच नाही का? करायची की, पण कसली ते महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना रोज थोडा वेळ चांगले मार्क मिळाल्याचं चित्र बघायला सांगितलं आणि काहींना स्वतः अभ्यास करतोय याचं, कुठे बसलोय, कुठलं पुस्तक उघडलंय असं. दुसऱ्या गटाने अभ्यासही जास्त केला आणि मार्कही जास्त मिळवले.

ओटिंगेनबाईंची स्वतःची पद्धत याच वाटेवरची आहे. आधी काय हवंय ते ठरवायचं, ते मिळालं तर काय छान होईल ते मनसोक्त बघायचं आणि लगेच, त्याच दमात, माझ्या आतलं काय आडवं येतंय ते बघायचं. क्रम महत्त्वाचा, आधी गोड मग अडथळा. आणि शेवटी 'असं झालं तर मी हे करीन' असा प्लॅन. हा शेवटचा भाग त्यांचे नवरे पीटर गोलविट्झर यांचा. त्यांनी विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी गेली यावर दोन दिवसांत रिपोर्ट लिहायला सांगितलं होतं, आणि कधी, कुठे बसून लिहिणार ते आधीच ठरवणाऱ्यांपैकी जवळपास 75 टक्क्यांनी तो वेळेत लिहिला, बाकीच्यांपैकी फक्त एक तृतीयांशांनी. म्हणून 'मोबाईल कमी वापरीन' पेक्षा 'जेवून उठलो आणि हात मोबाईलकडे गेला तर तो कपाटात ठेवून पॉलिटीचं पुस्तक उघडीन' हे जास्त उपयोगी.

या पद्धतीचा अजून एक परिणाम आहे आणि स्पर्धा परीक्षावाल्या मुलांसाठी तो मला सगळ्यात गरजेचा वाटतो. अडथळा नीट बघितल्यावर ज्यांना तो पार होण्यासारखा वाटतो ती माणसं जोर लावतात, पण ज्यांना मनातून माहीत असतं की हे होणारं नाही, ती तो नाद सोडून दुसरीकडे वळतात. आपल्याकडे याला लगेच हार मानली म्हणतात. पण ग्रेगरी मिलर आणि कार्स्टन व्रॉश यांनी 2007 मध्ये कॅनडातल्या किशोरवयीन मुलींचा वर्षभर पाठपुरावा करून प्रसिद्ध केलं की आवाक्याबाहेरचं ध्येय सोडता न येणाऱ्या मुलींच्या रक्तात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे हे दाखवणारं प्रोटीन, जास्त वाढत गेलं, आणि सोडता येणाऱ्यांमध्ये तसं झालं नाही. तेव्हा घरात कुणी चार-पाच अटेम्प्टनंतर 'आता दुसरं काहीतरी बघतो' म्हणत असेल तर त्याला 'निगेटिव्ह बोलू नकोस' म्हणून गप्प करू नका प्लीज, काय बघायचं ठरवतोयस ते विचारा.