चिकन डिनर (व्हिडिओ गेममधील शब्दप्रयोग)

चिकन डिनर : पबजी व त्याची भारतीय मोबाइल आवृत्ती बीजीएमआय या खेळांत सामना जिंकल्यावर पडद्यावर झळकणाऱ्या ‘विनर विनर चिकन डिनर’ या ओळीवरून रूढ झालेला शब्दप्रयोग. अर्थ : शेवटपर्यंत तग धरून मिळवलेला विजय. नाशिकमध्ये बोलताना बाकीचे शब्द गळून नुसते ‘चिकन’ उरते. कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर किंवा सिडकोतल्या गच्चीवर ‘काल दोन चिकन काढले’ असे कानावर आले, तर विषय जेवणाचा नसतो. श्रावण पाळणाऱ्या घरांतली आणि कधीही सामिष न खाणारी मुलेही हा शब्द बिनदिक्कत वापरतात.

या विजयाची किंमत कळायला सामना कसा संपतो ते पाहावे लागते. साधारण 100 खेळाडू विमानातून पॅराशूटने बेटावर उतरतात, घराघरांतून शस्त्रे, हेल्मेट, औषधे लुटतात. सुरक्षित वर्तुळ, म्हणजे ‘झोन’, ठरावीक वेळाने आक्रसत जातो आणि बाहेर राहिलेल्याची ताकद घटत जाते. अखेरीस झोन एखाद्या शेताएवढा उरतो. कुणी गवतात पालथा पडलेला, कुणी झाडाआड. हेडफोनमध्ये ‘कव्हर दे’, ‘एक नॉक आहे, रश कर’, ‘आधी मला रिव्हाइव्ह कर रे’ असा गलका चालतो (नॉक म्हणजे जखमी होऊन कोसळलेला, रश म्हणजे चाल करून जाणे, रिव्हाइव्ह म्हणजे कोसळलेल्याला पुन्हा उभे करणे). चौघांच्या स्क्वॉडमधला, म्हणजे संघातला, एक जरी शेवटी उभा राहिला, तरी चिकन चौघांचे होते, पहिल्या पाच मिनिटांत मेलेल्याचेसुद्धा. या शब्दातली खरी गोडी मला इथेच वाटते. मित्रमंडळींत ‘माझं चिकन’ म्हणणारा विरळा, ‘आपलं चिकन झालं’ हीच सर्रास भाषा.

मूळ ओळ मात्र अमेरिकेतल्या जुगाराच्या अड्ड्यांवरची. फाशांच्या खेळात जिंकणाऱ्याला उद्देशून ती म्हटली जाई. लास व्हेगासच्या कॅसिनोंत कोंबडीचे जेवण पावणेदोन डॉलरच्या आसपास मिळे आणि एक डाव जिंकला की 2 डॉलर हाती येऊन जेवण सुटे, अशी एक कथा सांगतात. ती पटण्याजोगी असली, तरी आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पत्त्यांच्या जुगारावरील ‘21’ या 2008 सालच्या चित्रपटाने ही ओळ नव्या पिढीच्या तोंडी आणली. गेम डिझायनर ब्रेंडन ग्रीन यांच्या कल्पनेतून साकारलेला पबजी मार्च 2017 मध्ये संगणकावर आला आणि जुगाऱ्यांची आरोळी जगभरच्या पोरांची झाली. चीनमध्ये तर या प्रकारच्या खेळांनाच ‘कोंबडी खाणे’ या अर्थाचे नाव पडले.

मोबाइल आवृत्ती 2018 मध्ये आली, तोवर भारतात इंटरनेट स्वस्त झाले होते. महागडा संगणक नसलेला मुलगाही आता खिशातल्या फोनवर खेळू लागला. त्यामुळे पंचवटी, नाशिकरोड, सातपूर अशा वेगवेगळ्या भागांतली चार मुले रात्री एका स्क्वॉडमध्ये भेटू शकली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही होता. जुलै 2021 मध्ये क्राफ्टन कंपनीने भारतासाठी बीजीएमआय आणला. जुलै 2022 मध्ये तोही ॲप स्टोअरवरून हटला आणि मे 2023 मध्ये परतला. खेळ बंद होता तेव्हाही शब्द बंद पडला नाही. क्रिकेटची मॅच मारली तरी ‘चिकन डिनर’ची आरोळी उठे.

व्यावसायिक स्पर्धांत ‘विनर विनर चिकन डिनर’चे ‘डब्ल्यूडब्ल्यूसीडी’ असे लघुरूप चालते. तिथे केवळ टिकून भागत नाही. अनेक स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6 आणि प्रत्येक किलला, म्हणजे मारलेल्या प्रतिस्पर्ध्यामागे, 1 गुण असतो. म्हणून एकही चिकन न काढता, केवळ किलच्या जोरावर एखादा संघ गुणतक्त्यात वर राहू शकतो.