आयकिडोत समोरचा मुद्दाम पडतो? नाही हो!

रत्नागिरी-चिपळूणकडच्या कुठल्याही ग्रुपवर आयकिडोचा, म्हणजे त्या जपानी युद्धकलेचा, व्हिडिओ आला की खाली ठरलेली कमेंट, "सगळं सेटिंग आहे, तो आपणहून पडतोय." असं नाहीये. कोटेगाएशी हा डाव बघा, हल्ला करणाऱ्याचं मनगट बाहेरच्या बाजूला वळवायचं आणि त्याच वेळी आपण बाजूला सरकायचं, त्याचा तोल जातो आणि तो ताठ उभा राहिला तर मनगटच दुखावणार, म्हणून तो झोकून देऊन पडतो. या पडण्याला उकेमी म्हणतात, नव्या माणसाला सुरुवातीलाच शिकवतात, हनुवटी छातीकडे, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही, खांद्यावरून तिरकं लोळायचं. पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर घसरणाऱ्या आपल्या लोकांना तर नीट पडणं यायलाच हवं!

आणि हो, मोरिहेई उएशिबांनी (१८८३-१९६९) आयकिडो हे दाइतो-र्यू जुजुत्सू या जपानी झुंजकलेतून घडवलं, म्हणजे मूळ चांगलंच कडक. बहुतेक ठिकाणी स्पर्धा नसतात, दोघं आळीपाळीने फेकतात आणि पडतात, आयकिडोच्याच तोमिकी शैलीत मात्र स्पर्धा होतात. जोडीदार सरावात साथ देतो हे खरंय, त्याचं मनगट मोडायचं नसतं ना. पण नुसत्या अशा सरावावर रिंगणात कुणाशीही भिडता येईल असं कोणी सांगितलं तर तेही मानू नका.