किल्ली कुठे ठेवायची?

रुग्णाचे निदान, बँक खात्याचा क्रमांक, राहत्या घराचा पत्ता अशा गोष्टी एखादे ॲप्लिकेशन डेटाबेसमध्ये साठवते, तेव्हा वेगळी काळजी घेतली नाही तर त्या कोणालाही वाचता येतील अशाच रूपात पडून असतात. डेटाबेसची चोरलेली प्रत असो किंवा विसरून उघड्या राहिलेल्या सर्व्हरवरची बॅकअप फाइल असो, ती परक्याच्या हाती लागली की सगळेच उघडे पडते. म्हणून असा मजकूर साठवण्याआधी कूटबद्ध करतात आणि गरज पडेल तेव्हाच उलगडतात. त्यालाच एन्क्रिप्शन आणि डिक्रिप्शन म्हणतात.

त्यासाठी आज सर्रास वापरली जाणारी एईएस ही पद्धत मुळीच गुप्त नाही. योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती रचली आणि खुल्या स्पर्धेत निवड झाल्यावर २००१ मध्ये ती अमेरिकेत अधिकृत मानक ठरली. तिची प्रत्येक पायरी छापून प्रसिद्ध झालेली आहे, कारण सारी गुप्तता किल्लीत, म्हणजे कूटबद्ध करताना आणि उलगडताना वापरायच्या गुप्त संख्येत असावी, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. आधीच्या डीईएस पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती, आणि १९९८ मध्ये मुद्दाम बांधलेल्या एका यंत्राने एकेक किल्ली लावून पाहत तीन दिवसांच्या आत योग्य किल्ली शोधून काढली. एईएसची सर्वांत लहान किल्लीसुद्धा १२८ बिटांची असते, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी होते. तिथे ओळीने तपासण्याचा मार्गच खुंटतो.

एवढी भक्कम पद्धत हाताशी असूनही माहिती फुटते, आणि बहुतेक वेळा दोष ती पद्धत वापरण्याच्या रीतीत असतो. एईएस मजकुराचे १६ बाइटांचे खंड पाडते. सर्वांत सरधोपट रीतीत प्रत्येक खंड त्याच किल्लीने स्वतंत्रपणे कूटबद्ध होतो, त्यामुळे सारख्या खंडाचे रूपांतरही सारखेच निघते. समजा, रुग्णांच्या तक्त्यात एका गंभीर आजाराचा रकाना आहे आणि त्यात फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिलेले आहे. संगणकात नेहमी वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या सांकेतिक लेखनात ‘होय’ ९ बाइटांत आणि ‘नाही’ १२ बाइटांत मावते, म्हणजे दोन्ही एकेका खंडात बसतात. हजारो ओळींचा तो रकाना कूटबद्ध केल्यावर त्यात दोनच वेगवेगळ्या मालिका पुन्हा पुन्हा दिसतील, आणि त्यांपैकी एका रुग्णाचे उत्तर ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला किल्लीशिवाय सगळ्यांची उत्तरे कळतील. २०१३ मध्ये ॲडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या खातेदारांची जी माहिती बाहेर पडली, तिच्यात पासवर्ड याच रीतीने कूटबद्ध केलेले होते आणि शेजारी पासवर्ड आठवण्यासाठी लोकांनी लिहिलेल्या खुणा साध्या मजकुरात होत्या. सारख्या दिसणाऱ्या नोंदींच्या खुणा एकत्र वाचल्या की कित्येक पासवर्ड सहज ओळखता येत होते. (खरे तर पासवर्ड कूटबद्ध करूच नयेत. ते कधीच उलगडावे लागत नाहीत, म्हणून बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ यांसारख्या, मुद्दाम संथ ठेवलेल्या एकतर्फी प्रक्रियेतून काढलेला त्यांचा ठसाच तेवढा साठवावा.)

यावर उपाय म्हणून जीसीएमसारख्या रीतीत प्रत्येक नोंदीसोबत ९६ बिटांची, फक्त त्या एका वेळेपुरती वापरायची संख्या मिसळली जाते. त्यामुळे तोच ‘होय’ दर वेळी निराळा दिसतो, आणि सोबत निघणाऱ्या पडताळणी-खुणेमुळे मधल्या मध्ये कोणी एक बिट जरी बदलला तरी उलगडताना तो पकडला जातो. ही संख्या गुप्त नसली तरी चालते, मात्र त्याच किल्लीबरोबर ती दुसऱ्यांदा वापरली गेली तर दोन मजकुरांतले फरक उघडे पडतात आणि खोटी खूण तयार करणेही शक्य होते. ही सावधगिरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती चुकली तरी प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता सुरळीत चालत राहतो.

आता किल्लीकडे वळू. घाईत असलेला प्रोग्रामर ती थेट कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहून टाकतो, आणि ते कोड सामायिक साठ्यात गेले की जुन्या आवृत्त्यांसह तिथेच राहते; नंतर ती ओळ खोडली तरी इतिहासात किल्ली शाबूत असते. डेटाबेसच्याच सर्व्हरवर ती फाइलमध्ये ठेवली, तरी चोराला दोन्ही गोष्टी एकाच फेरीत मिळतात. म्हणून जाणकार दोन पातळ्यांची रचना करतात. प्रत्येक नोंदीसाठी किंवा गटासाठी वेगळी डेटा-किल्ली तयार होते, आणि ती एका मुख्य किल्लीने कूटबद्ध करून नोंदीशेजारीच ठेवली जाते. मुख्य किल्ली मात्र स्वतंत्र सेवेत किंवा त्यासाठीच बनवलेल्या हार्डवेअरमध्ये राहते आणि तिथून कधी बाहेर येत नाही. ॲप्लिकेशन आपली कूटबद्ध डेटा-किल्ली तिथे पाठवते आणि उलगडलेली डेटा-किल्ली परत घेते, त्यामुळे कोणी, केव्हा, किती वेळा मागणी केली याची नोंदही राहते.

या रचनेत मुख्य किल्ली ठरावीक काळाने बदलणे सोपे जाते, कारण लाखो नोंदींना हात न लावता फक्त छोट्या डेटा-किल्ल्या पुन्हा कूटबद्ध कराव्या लागतात. एखाद्या व्यक्तीची माहिती कायमची काढून टाकायची असेल, तर तिच्या डेटा-किल्लीच्या सर्व प्रती नष्ट केल्या की जुन्या बॅकअपमध्ये उरलेला तिचा मजकूरही वाचता येत नाही. अर्थात, त्यासाठी त्या किल्लीची प्रत त्याच बॅकअपमध्ये गेलेली नसावी लागते.